'विद्राव्य सेंद्रिय पदार्थ' चालेल का?

शब्दवेल्हाळ: गोड्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात पानोपानी 'डिझॉल्व्ड ऑरगॅनिक मॅटर' आहे, पालापाचोळा नि शेवाळ कुजून पाण्यात उतरलेलं, ह्यूमिक आम्लं वगैरे. मी 'विद्राव्य सेंद्रिय पदार्थ' लिहिलं तर तपासणाऱ्याने लाल रेघ मारली. काय लिहू?

खडूफळा: रेघ बरोबर आहे. विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारा, साखर डब्यात असली तरी विद्राव्यच. 'विरघळलेला' लिहा.

गाळणी: विरघळलेला तरी कुठे असतो सगळा? साधारण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जे खाली उतरतं त्याला डिझॉल्व्ड म्हणायचं एवढाच संकेत, त्यात कलिल कणही (न विरघळता पाण्यात पसरून राहणारे अतिबारीक कण) उतरतात आणि गंमत म्हणजे त्याहून बारीक नॅनोप्लास्टिकपण, मग कार्बन मोजणाऱ्या यंत्राला पाचोळ्याचा काय नि प्लास्टिकचा काय, सगळा सारखाच. वर उन्हात पडलेलं प्लास्टिक स्वतःच विरघळणारा कार्बन सोडतं ते वेगळंच. 'गाळीव' म्हणा सरळ.

अनुस्वार: माझा आक्षेप 'सेंद्रिय'वर. स + इंद्रिय, म्हणजे सजीवाचं. त्यात प्लास्टिक कसं घुसवता?

खडूफळा: अहो वोलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला तेव्हाच तो सजीवांचा मक्ता संपला. कार्बनी संयुगं ती सेंद्रिय, शाळेत शिकवतात.

अनुस्वार: मग 'कार्बनी'च म्हणा ना, लोकांना सेंद्रिय म्हटलं की चांगलंचुंगलं वाटतं.

शब्दवेल्हाळ: बरं, पुढचं वाक्य, ह्यूमिक आम्ल प्लास्टिकच्या कणावर 'शोषलं जातं'?

खडूफळा: अधिशोषण! अधि म्हणजे वर. शोषण म्हणजे आत.

गाळणी: कोण वाचणार ते. 'पुट चढतं' लिहा. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकमध्ये बेंझीनची, म्हणजे सहा कार्बनची, कडी, ह्यूमिकमध्येपण तशीच, म्हणून ते चिकटतं, आणि त्या पुटामुळे कणावर ऋण भार वाढतो नि कण एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. पण पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर तेच पुट कण सांधतं, गुठळ्या होऊन तळाशी. अधिशोषणात यातलं काही दिसतं का?

खडूफळा: दिसायला कशाला हवं, ती संज्ञा आहे, चित्र नाही. तुमच्या पुटात प्लास्टिकच्या आत मुरणारं आणि वर बसणारं यातला फरक कसा दाखवणार?

अनुस्वार: आणि पुट म्हणजे मुळात आयुर्वेदात भस्माला भट्टीत देतात ते. शतपुटी अभ्रक ऐकलं नाहीत?

गाळणी: धुळीची पुटं चढतात ती कुठल्या भट्टीत?

अनुस्वार: ते 'पूट', दीर्घ.

खडूफळा: तत्सम आहे, ऱ्हस्वच.

शब्दवेल्हाळ: विद्राव्यचं सांगा हो कोणीतरी, लेख द्यायचाय.

अनुस्वार: आधी कोश काढा, कोणत्या कोशात दीर्घ नाही ते दाखवा मला.