वीस फेजचा बोर्ड: गरज की नुसता थाट?

ओहमवाला:
काल एकाने इथे लिहिलं, "९८००एक्सथ्रीडी घेताय ना, मग २० फेजच्या खाली उतरूच नका. १४ फेजवाले बोर्ड मुंबईच्या उकाड्यात दोन वर्षांत मान टाकतात." वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. (फेज म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटची, व्हीआरएमची, एकेक शाखा.)

या एएमडी प्रोसेसरची पीपीटी, म्हणजे वीज ओढायची मर्यादा, १६२ वॅट. त्यातले एसओसीचे (मेमरी कंट्रोलर वगैरे भागांचे) वजा केले की व्हीकोअरला, म्हणजे कोअरच्या पुरवठ्याला, साधारण १३५ उरतात. १.२ व्होल्टला ते झाले ११२ अँपियर. १४ फेजमध्ये वाटले तर एकीवर ८ अँपियर, आणि स्टेज (फेजमधली वीज सोडणारी चिप) ६० अँपियरची! सगळ्या फेज मिळून दहा-बारा वॅट उष्णता, तीही पूर्ण लोडला. गेम खेळताना त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

शिवाय खोक्यावरचा '२०' बहुतेकदा १६+२+२ असतो. कोअरच्या १६, बाकीच्या इतर भागांच्या, आणि त्या १६तही कंट्रोलरचे सिग्नल ८च, प्रत्येकावर दोन स्टेज जोडीने. वीस फेजसाठी जादा जाणारे सात-आठ हजार रुपये मेमरीत घाला.

चोकबहाद्दर:
गणित बरोबर, निष्कर्ष अर्धवट. बोर्ड काय आजच्याच प्रोसेसरसाठी घेतात का? एएम५ला (याच प्रोसेसरच्या सॉकेटला) २०२७ आणि पुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीनेच सांगितलंय. उद्या त्याच सॉकेटवर ९९५०एक्स बसवला की पीपीटी दोनशे वॅट किंवा जास्त, पीबीओ (ही मर्यादा वाढवणारं सेटिंग) उघडला की त्याहून वर. फेज दुप्पट केल्या की वहनातला तोटा निम्मा होतो, कारण तो करंटच्या वर्गाने वाढतो.

आणि सिग्नल जोडीने गेला म्हणून काय बिघडलं? डबलरमधला (एक सिग्नल दोन फेजना आळीपाळीने देणाऱ्या चिपमधला) उशीर वाचतो, लोड अचानक वाढला की दोन्ही स्टेज एकदम धावतात.

ओहमवाला:
वहनातला निम्मा होतो, स्विचिंगचा (स्टेज सतत चालू-बंद होण्यातला) नाही. तो दर फेजमागे वाढत जातो. हलक्या लोडला वीस फेजचा बोर्ड उलट जास्त वीज खातो. हे सोयीस्कर विसरलात.

चोकबहाद्दर:
दोन-चार वॅटसाठी एवढा आटापिटा? चला, तुमचं विजेचं बिल वाचलं. अभिनंदन.

पॅडपंडित:
दोघेही फेज मोजत बसलात, हीटसिंककडे कोण बघणार? बोर्ड गरम होतो तो बहुतेक वेळा हीटसिंकखालचा थर्मल पॅड नीट टेकत नाही म्हणून. बसवण्याआधी बोर्ड उलटा करा, मागचे हीटसिंकचे स्क्रू सोडा (स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर असेल तर हात लावू नका). पॅडवर मॉसफेटचे (स्टेजच्या चिपांचे) चौकोन स्वच्छ उमटलेले दिसले पाहिजेत. शेजारच्या चोकचेच (कॉइलचेच) ठसे असतील तर मॉसफेटवरचा पॅड पातळ आहे. आणि प्लॅस्टिकची फिल्म काढली आहे ना, तेही बघा. हसू नका, फिल्मसकट चालणारे बोर्ड असतात.

दुसरं, एआयओ (पाण्याचा कूलर) लावला की सॉकेटभोवतीचा वारा बंद होतो. टॉवर कूलरचा उडालेला वारा व्हीआरएमला फुकटात मिळायचा. मागे १२०चा पंखा ९०० आरपीएमला ठेवा. सिनेबेंच आर२३ तीस मिनिटं लावून एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआर मॉसचं तापमान बघा. ३३ अंशांच्या खोलीत ८०च्या आत असेल तर फेजची चर्चा संपली.

खारा_वारा:
मुंबईचा विषय निघालाच आहे तर ऐका. इथे बोर्ड उकाड्याने जात नाहीत, दमटपणाने जातात. जुलैमध्ये बाहेरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २५च्या वर जातो. रात्रभर एसी २२वर, पीसी बंद. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की हीटसिंक अजून २२लाच असतो. त्यावर पाणी धरतं, गार बाटलीला धरतं तसंच. वर धूळ आणि समुद्राचं मीठ. मग बटण दाबलं की दोष बोर्डाच्या माथी.

उपाय फुकट आहे: खिडकी उघडण्याआधी पीसी सुरू करा, नाहीतर खिडकी उघडल्यावर बटण दाबायला अर्धा-पाऊण तास थांबा.

चोकबहाद्दर:
अहो, धागा पॉवर डिलिव्हरीचा आहे, हवामान खात्याचा नाही.

खारा_वारा:
पॉवर डिलिव्हरीचंच बोलतोय. व्होल्टेज मोजणाऱ्या फीडबॅकच्या रेझिस्टरपाशी मिठाचा ओलावा साचला की कंट्रोलरला व्होल्टेज चुकीचं दिसतं. तिथे वीस फेज काय उपटणार?

पॅडपंडित:
यात तथ्य आहे. फक्त ब्रश करताना सुका, मऊ, अँटिस्टॅटिक घ्या. ओला कपडा फिरवणारे महाभाग आहेत. आणि पीसी समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवून फिल्टर न धुणारेही.

ओहमवाला:
कंडेन्सेशनचं मान्य. पण म्हणजे माझंच खरं ठरलं की, फेजचा संबंध नाही.

चोकबहाद्दर:
वा, दुसऱ्याच्या मुद्द्यावर स्वतःची पाठ थोपटायची! मग इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिपा बिघडल्या त्याचं काय? तिथे बोर्डांनीच घोळ घातला ना?

ओहमवाला:
घोळ सेटिंगचा होता, फेजचा नव्हता. बायोसमध्ये पॉवर मर्यादा मोकळ्या सोडल्या होत्या आणि चिपही गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. ऑगस्ट २०२४च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. वीस-चोवीस फेजच्या बोर्डांवरच्या चिपाही गेल्याच.

आणि लोडलाइन (लोड वाढला की व्होल्टेज किती उतरू द्यायचं ते सेटिंग) सपाट करणाऱ्यांनो, १.१ मिलिओहमवर २०० अँपियरला २२० मिलिव्होल्टचा ड्रूप मुद्दाम ठेवलेला असतो. तो पुसून टाकला की लोड सुटताना व्होल्टेज वर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. मधल्या पातळीवर ठेवा.

चोकबहाद्दर:
लोडलाइनचं बरोबर आहे. १६२ वॅटच्या चिपला १४ फेज पुरतात, तेही घ्या लिहून, फ्रेम करून लावा. पण ९९५०एक्सवर दिवसभर रेंडर चालवणाऱ्याला मी १६+२+२च सांगणार.

ओहमवाला:
सांगा. फक्त सोबत पॅड तपासायलाही सांगा.