क्विटोत निवृत्त व्हा, असे सांगण्यापूर्वी

माळरान: ‘बारा महिने वसंत, डॉलरचे चलन, स्वस्त भाडे, साठीनंतर इक्वेडोरच्या क्विटोतच राहावे’ हा इथला लेख वाचून राहवले नाही. हे शहर 2,850 मीटर उंचीवर आहे, कळसूबाईहूनही हजार मीटरांपेक्षा अधिक. माझे वडील तीन आठवडे माझ्याकडे तिथे राहिले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते कठडा धरून उभे राहत आणि रात्री धाप लागून उठून बसत. लेखात याबद्दल अवाक्षर नसावे, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

सावरी: लेख माझाच आहे. चार वर्षे तिथे राहून लिहिला आहे, तीन आठवडे राहून नव्हे. माझ्या शेजारच्या नव्वदीच्या आजी रोज ला कारोलिना उद्यानात फेरी मारतात.

माळरान: त्या तिथेच जन्मल्या, माझे वडील रत्नागिरीत वाढले. शिवाय 2000 पासून तिथे डॉलर चालतो, याचा लाभ डॉलरात निवृत्तिवेतन घेणाऱ्याला. आपले निवृत्तिवेतन रुपयांत, आणि निवृत्तांच्या व्हिसासाठी 2025 मध्ये महिन्याला 1,410 डॉलर दाखवावे लागत होते. इथल्या किती जणांना ते जमेल?

पाणवठा: एक महत्त्वाची गोष्ट राहिली. तिथे पाणी सुमारे 90 अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ दीड तास ठेवली तरी दाणा बोटांत कडकच लागतो. कुकर इथूनच न्यावा.

माळरान: जिवाचा प्रश्न चालू असताना डाळ कशाला?

पाणवठा: कारण रोज दोन वेळा जेवायचे असते, महाशय! 2024 च्या दुष्काळात धरणे आटली, काही भागांत दिवसाला 14 तासांपर्यंत वीज गेली. माझ्या घरी इंडक्शनची शेगडी. कुकरही थंड, कामही ठप्प. पुण्यातील सकाळी 9 ची बैठक म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे 10.30, ती मी मेणबत्तीपाशी, मोबाईलची उरलेली बॅटरी मोजत ऐकली आहे. त्यापायी माझे कंत्राट गेले.

सावरी: ते भारनियमन डिसेंबरात संपले. भारनियमन महाराष्ट्रानेही सोसले आहे, म्हणून कोणी नाशिक सोडले नाही.

पाणवठा: नाशिकमध्ये हाकेला धावणारे आपले लोक असतात, ताई.

सावरी: हे मान्य करावे लागते. उंचीबद्दल आणि रुपयांतील उत्पन्नाबद्दल लेखात परिच्छेद घालते. माळरान यांचा सूर मात्र मला अजूनही पटलेला नाही, आणि लेखाचे शीर्षक मी बदलणार नाही.