फिनलंड-स्वीडनच्या कागद निर्यातीची तुलना : टनांत करू की डॉलरांत?

नमस्कार मंडळी,

अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी प्रकल्प करतेय. विषय आहे फिनलंड आणि स्वीडनची कागद व पुठ्ठ्याची निर्यात, १९६२ पासून आजपर्यंत. माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यात पेपर मिलमध्ये मशीनवर होते. त्यामुळे या विषयात जीव अडकलाय, घाईत उरकायचा नाहीये.

संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापाराच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर सगळं डॉलरमध्ये मिळतं. पण १९९२च्या सप्टेंबरात फिनलंडने मार्क आणि नोव्हेंबरात स्वीडनने क्रोना तरंगता (म्हणजे दर बाजारावर) सोडला, दोन्ही चलनं घसरली. पुढे फिनलंड युरोत गेला, स्वीडन क्रोनावरच राहिला. मग आलेखातला चढउतार मालाचा किती आणि चलनाचा किती, हे कसं वेगळं करायचं?

म्हणून एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) टनांतली आकडेवारी घेतली, ती १९६१ पासून आहे. तिथे वेगळाच पेच. टनांत वर्तमानपत्राचा कागद आणि दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा एकाच भावाने मोजला जातो, आणि मला तर नेमका तोच फरक दाखवायचाय! छपाईच्या कागदाची मागणी आटली तेव्हा त्यावर जास्त विसंबलेल्या फिनलंडला मोठा फटका बसला, स्वीडनला पॅकेजिंगने सावरलं, असं माझं म्हणणं आहे. २०२०च्या अखेरीस यूपीएम या फिनिश कागद कंपनीने फिनलंडमधली काइपोला मिल बंद केली. २०२१मध्ये स्तोरा एन्सो या फिनिश-स्वीडिश कंपनीने फिनलंडमधली वेइत्सिलुओतो आणि स्वीडनमधली क्वार्नस्वेदेन अशा दोन्हीकडच्या मिल थांबवल्या. २०२२ तर भलतंच वर्ष : विजेच्या दरांमुळे कागद महागलेला, आणि यूपीएमच्या फिनलंडमधल्या मिलमध्ये १ जानेवारीपासून २२ एप्रिलपर्यंत संप. असं वर्ष तुलनेत जसंच्या तसं ठेवतात की पाच वर्षांची सरासरी काढतात?

दुसरा घोळ वर्गवारीचा. एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाला दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, १९८८पासूनचे. त्याआधीसाठी एसआयटीसी या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-वर्गवारीचा विभाग ६४ (कागद व पुठ्ठा) घ्यावा लागतो. एचएसच्या ४८व्या प्रकरणात वह्या, पाकिटं, खोकी, वॉलपेपर सगळं येतं. एफएओ मात्र असा तयार माल धरत नाही. लगदा आणि रद्दी ४७व्या प्रकरणात असल्याने ती मी बाजूला ठेवलीय.

४८०१ (वर्तमानपत्राचा कागद), ४८०२ आणि ४८१० (छपाईचा), ४८०४ आणि ४८०५ (पॅकेजिंगचा) असे तीन गट करणार होते. मग लक्षात आलं की ४८१०मध्ये मासिकांच्या गुळगुळीत कागदाबरोबर खोक्यांचा लेपवाला पुठ्ठाही आहे, आणि प्लॅस्टिकचा थर दिलेला पुठ्ठा ४८११मध्ये जातो. म्हणजे ४८१०३२, ४८१०९२ असे सहा अंकी कोड उपसणं आलं. तेही १९८८नंतरच शक्य.

तर विचारायचं एवढंच :

१९८८चा सांधा कसा जोडतात? १९६२पासूनची एकच रेघ ओढण्याचा हट्ट सोडून त्याआधीचा भाग फक्त एकूण टनांत दाखवला, तर परीक्षक आक्षेप घेतील का?

टनांचा निर्देशांक आणि दर टनामागची किंमत असे दोन आलेख शेजारी ठेवले तर चालेल का? मला सध्या तोच मार्ग बरा वाटतोय.

फिनलंडचा बराच कागद जहाजाने जर्मनीत ल्युबेक बंदरात उतरून पुढे जातो, त्यामुळे खरा ग्राहक देश कोणता हे आकड्यांवरून नीट कळेलच असं नाही, म्हणून कोणत्या देशाला किती विकला हे सोडून फक्त एकूण निर्यात घेतलीय. ज्यांनी कॉमट्रेडवर हात घातलाय त्यांनी यात काही चूक दिसली तर स्पष्ट सांगा. पुढच्या आठवड्यात मॅडमना आराखडा दाखवायचाय.