मुंबई मंडळाची वर्गणी एकाच शाळेला का?

सड्यावरचा
आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा, एक खाली बाजारपेठेत, पट म्हणजे मुलं सत्तरच्या वर, दुसरी वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळावर, धनगरवाड्यात, पट ११. माझी मुलगी खालच्या शाळेत जाते हे आधीच सांगतो. गणपतीत चाकरमानी आले, खालच्या वाडीच्या मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने, मीटिंग लावली आणि एका रात्रीत लाखाच्या वर जमले. टीव्ही आला, पाण्याचा फिल्टर आला, भिंती रंगल्या, शिक्षकाची जागा रिकामी म्हणून एक ताई मानधनावर ठेवली. चांगलंच झालं. पण परवा कामासाठी वर गेलो तेव्हा तिथल्या शाळेत डोकावलो, तर वर्गात मधोमध दोन पातेली आणि एक बादली ठेवलेली, गळतंय म्हणून, आणि अकराच्या अकरा पोरं एका कोपऱ्यात सतरंजी ओढून बसलेली, पहिली ते चौथी सगळी एकत्र. त्यांचं मुंबईत मंडळ नाही, आईबाप मजुरीला. शाळा दोन्ही एकाच जिल्हा परिषदेच्या ना? मग शाळेच्या नावाने जमणाऱ्या वर्गणीतला चौथा हिस्सा तरी वर जायला हवा.

खाडीकाठ
भाऊ, नाही पटलं. मी देणाऱ्यांपैकी आहे, दरवर्षी देतो, कारण त्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलोय आणि पावती फाडणारा माझ्या ओळखीचा आहे. हिस्सा कापणार म्हटलं की पाचशे देणारा शंभरावर येईल, मग खाली पण नाही आणि वर पण नाही. आणि आम्ही खर्च केला म्हणून पोरं इंग्लिश मिडियमच्या व्हॅनमधे बसायची थांबली, नाहीतर खालचा पट पण वीसच्या खाली गेला असता.

निवृत्त बाई
३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी अशाच चढावरच्या शाळांत, म्हणून लिहिते. सरकारचं संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,०००, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००. पट कमी म्हणून छप्पर लहान होत नाही आणि पाऊस पण कमी पडत नाही हो! त्या दहा हजारात खडू, रजिस्टरं, लाईट बिल आणि कौलं सगळं बसवायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी मंडणगड तालुक्यात होते. कोरोनाने शाळा बंद, पोरं घरी, पण पत्रे उडाले आणि कपाट भिजलं. जनरल रजिस्टर घरी आणून पानापानात वर्तमानपत्र घालून मी पडवीत वाळवलं, कारण तीन पिढ्यांच्या जन्मतारखा त्यात. जवळच्या मोठ्या वाडीच्या शाळेवर मुंबईकरांनी महिनाभरात नवे पत्रे चढवले, आमचा पंचनामा झाला आणि दोन पावसाळे ताडपत्रीवर गेले. नंतर मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा हे सरकारचं स्पर्धेचं अभियान आलं, तालुक्यात पहिल्या नंबराला ३ लाख. वर्गणीतून आधीच रंगलेली शाळा आणि गळकी शाळा एकाच स्पर्धेत उतरवल्यावर नंबर कोणाचा येणार?

वेंगुर्लेकर
माका वाटतं तुम्ही दोघं सरकाराक सोडून एकमेकांशी भांडतास. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, शिक्षक देणं ही सरकारची जबाबदारी. वर्गणीतून ताई ठेवली की जागा रिकामी आहे हे वर कोणाला टोचतच नाही. पंखे, रंग, खेळाचं सामान यासाठी घ्या की पैसे, पण पगार आणि छप्पर वर्गणीतून अजिबात नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, दोन्ही शाळांच्या समित्यांनी एकच ठराव करून पंचायत समितीत नेऊन द्यायचा.

खाडीकाठ
ठराव दिलेत आमच्या समितीने, एक नाही तीन. गुरुजी जिल्हाबदलीने गेले ते गेले, जागा अजून रिकामी. तोवर दुसरीतलं पोर तिसरीत जातं, त्याचं ते वर्ष कोण परत देणार? मी ताईचं मानधन बंद करायला हात वर करणार नाही. पण बाईंचं रजिस्टरचं वाचून गप्प बसवत नाही. वरच्या शाळेसाठी वेगळं पावतीपुस्तक काढा, पहिली पावती माझी.

सड्यावरचा
दादा, मन मोठं आहे तुमचं, पण वेगळं पुस्तक म्हणजे पहिल्या वर्षी भरेल, तिसऱ्या वर्षी त्यात दोन पावत्या. शिमग्यात पालखी वरच्या वाडीत घरोघर जाते, तिथे आपण वर्गणीचा आकडा बघून उंबरे सोडत नाही. शाळेला तोच हिशोब का नाही? चौथा नको तर दहावा हिस्सा धरा, पण पावतीवर छापलेला हवा, दरवर्षी कोणाला हात पसरायला लागू नये.

निवृत्त बाई
दहाव्या हिश्शाला मी तयार आहे, पण आधी पातेली उचला. पत्रे, पाइप, मजुरी, वर न्यायच्या गाडीचं भाडं, एवढं गवंड्याकडून लिहून घ्या आणि इथे टाका. दिवाळीच्या सुट्टीत काम झालं तर पोरांचा दिवस बुडत नाही.

खाडीकाठ
गवंडी मी बघतो. हिश्शाचं शिमग्याच्या मीटिंगला मांडा. मी विरोधात बोलेन, पण मांडा.