‘प्रशासकच बरा’ म्हणणाऱ्यांना (मे २०२५)

पारावरचा
सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला सांगितलं की चार महिन्यांत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या. तोवर निवडून आलेल्यांच्या जागी सरकारने नेमलेला अधिकारी, म्हणजे प्रशासक, कारभार बघतोय. लगेच हिशेबनीस यांनी इथे लिहिलं, ‘कशाला हव्यात निवडणुका? तीन वर्षं नगरसेवक नाहीत, कोणाचं काय अडलं? प्रशासकच बरा, टक्केवारी तरी वाचली.’ त्याखाली मम म्हणणाऱ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

काय अडलं ते सांगतो. आमचं गाव चार वर्षांपूर्वी शेजारच्या महापालिकेत घेतलं. त्या दिवशी सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभा गेली. नगरसेवक यायचा तर निवडणूकच नाही. पट्टी शहराची आणि दाद मागायला कोणी नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीला आठवड्यातून एकदा टँकर, तोही कधी पहाटे चारला. पूर्वी असं झालं की आळीतल्या म्हाताऱ्या सरळ सरपंचाच्या ओसरीवर जाऊन बसायच्या. टँकरची वेळ ठरेपर्यंत उठायच्या नाहीत. आता अर्ज द्या, पोच घ्या, तोवर साहेबाची बदली, की पुन्हा अर्ज. माझ्याकडे अकरा पोचपावत्या आहेत. शेवटी आमदाराच्या कार्यालयात गेलो. तिथल्या पोरानं आधी विचारलं, ‘काका, तुमच्या आळीत मतदान किती?’

माझं म्हणणं एवढंच आहे. सत्ता खाली यायची होती, ती वर गेली. प्रशासक नेमतं राज्य सरकार, त्याची बदली मंत्रालयाच्या हातात. महासभा तोच, स्थायी समितीही तोच. प्रस्ताव त्याचा, मंजुरीही त्याचीच. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वरचा, तो सभागृहात चर्चेला आलाच नाही, कारण मार्च २०२२ पासून सभागृहच नव्हतं. छत्रपती संभाजीनगरची मुदत एप्रिल २०२० ला संपली, नवी मुंबईची मेमध्ये. अख्खी टर्म वाया गेली. घटनेत स्वच्छ लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. या काळात सरकारं बदलली, पण घाई एकालाही नव्हती. नगरसेवक नसला की गल्लीतला माणूस आमदाराच्याच दारात येतो, मग आमदाराला घाई कशाला असेल?

हिशेबनीस
नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. २०१६ मध्ये दुकानाला नळजोड हवा होता. प्लंबर म्हणाला, आधी भाऊंना भेटा. भाऊ म्हणजे आमचे नगरसेवक. भाऊंचा माणूस दुकानात येऊन बसला, चहा प्यायला आणि चाळीस हजार घेऊन गेला. पावती नाही. २०२३ मध्ये मागच्या गोदामाला नळजोड घेतला. अर्ज ऑनलाइन, चलन भरलं, एकोणीस दिवसांत पाणी. तेव्हा प्रशासक होता. मला लोकशाहीचे धडे नकोत, मी तिची किंमत मोजलेली आहे. आणि सरपंच होता तेव्हा तुमच्या गावाला काय चोवीस तास पाणी होतं? तेव्हाही टँकरच ना?

पारावरचा
टँकरच होता. पण वेळेवर येत होता.

गावकुस
तुम्ही दोघंही मूळ कारणाला बगल देताय. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालानंतर या निवडणुकांतलं ओबीसींचं २७ टक्के आरक्षण गेलं. घाई केली की काय होतं ते आम्ही पाहिलंय. डिसेंबर २०२१ मध्ये ऐन निवडणुकीत नगरपंचायतींच्या ओबीसी जागा सर्वसाधारण करायला लावल्या आणि १८ जानेवारी २०२२ ला मतदान उरकलं. माझा मामेभाऊ ओबीसी जागेवर अर्ज भरून बसला होता. जागा खुली झाली, एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा उभा राहिला, आमच्या पोराचं डिपॉझिट गेलं. आता जुन्याप्रमाणे आरक्षण देऊन निवडणूक घ्या असा आदेश आलाय. हे तीन वर्षं थांबल्यामुळे मिळालं. तुमच्या अकरा पावत्यांसाठी आमची जागा सोडायची का?

पारावरचा
नाही, सोडायची नाही. मामेभावावर अन्याय झाला, ते मान्य. पण उशीर तुमच्यासाठी झाला असं समजू नका. मध्य प्रदेशला मे २०२२ मध्ये ओबीसी आरक्षणासह परवानगी मिळाली आणि त्यांनी जून-जुलैत निवडणुका उरकल्या. ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या आपल्या बांठिया आयोगाचा अहवालही जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने मान्य केला होता. पण आपल्याकडे मुंबईत प्रभाग २२७ चे २३६ झाले, सरकार बदललं तसे पुन्हा २२७ झाले, आणि सगळं परत कोर्टात. ते भांडण तुमच्या जागेचं नव्हतं, नकाशाचं होतं.

गावकुस
नकाशाचं पटतं. बाकी नाही.

तिसरी_घंटा
नकाशाचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. खरा रोग चार सदस्यांचा प्रभाग आहे. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक चालतो, मग आम्हाला चार कशाला? २०१९ ला एक सदस्य ठरला, २०२१ ला तीन, २०२२ ला परत चार. आमच्या सोसायटीसमोर चेंबरचं झाकण फुटलं. पहिला म्हणाला, ती बाजू ताईंकडे. ताई म्हणाल्या, ड्रेनेज अण्णा बघतात. अण्णा गावाला. चौथ्याचा फोन शेवटपर्यंत लागला नाही. आम्हीच त्यात झाडाची फांदी रोवली, तिला लाल फडकं बांधलं. पाच महिने ते फडकं तिथे होतं, पार पांढरं पडलं. शंभर पावलांवर बागेतल्या बाकावर मात्र चौघांची नावं ठळक. अशी निवडणूक होणार असेल तर मीही म्हणेन, राहू द्या.

हिशेबनीस
हेच तर म्हणतोय मी.

माळावरची
चार सदस्यांमुळे एक गोष्ट होते. पॅनेल उभं करायचं तर पुढाऱ्याला चारपैकी दोन उमेदवार बायका घ्याव्याच लागतात आणि त्यांच्या प्रचाराचा खर्चही वाटला जातो. एकटीला तो झेपत नाही.

तिसरी_घंटा
त्या दोघींचे नवरेच कारभार बघतात. पाटीवर नाव बाईचं, फोन उचलणार साहेब.

माळावरची
तोंड सांभाळून लिहा. मी २०१७ ला पंचायत समितीवर निवडून आले, माझा फोन मीच उचलायचे. पहिल्या सभेत बोलायला उभी राहिले तर हातातला कागद थरथरत होता. एका अंगणवाडीच्या संडासाला दार नव्हतं, पोरी शेजारच्या घरी जायच्या. मासिक सभेत विचारलं, उत्तर आलं ‘प्रस्तावित आहे’. पुढच्या सभेत विचारलं, तेच. तिसऱ्या वेळी म्हटलं, इतिवृत्तात लिहा की सदस्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. पुढच्या सभेच्या आत दार बसलं. मार्च २०२२ ला मुदत संपली. त्या सभागृहाला कुलूप नाही, तिथे बैठका होतात, पण अधिकाऱ्यांच्या अधिकाऱ्यांशी. तिसऱ्यांदा विचारलं असं लिहायला लावणारं तिथे कोणी नाही. मधल्या तीन वर्षांत दुसरी कोणी उभी राहून बोलायला शिकली असती. तिचं काय?

तिसरी_घंटा
तुमच्याबद्दल बोललो नव्हतो. तरीही शब्द मागे घेतो. चारच्या प्रभागाला विरोध मात्र कायम.

हिशेबनीस
ताई, तुमच्यासारख्या सदस्य आमच्याकडे नव्हत्या, आमच्याकडे भाऊ होते. इतिवृत्ताचं पटलं. प्रशासकाच्या काळात आमचा रस्ता वर्षात दोनदा खोदला, दुसऱ्यांदा का खोदला ते मलाही कोणी सांगितलं नाही, हेही लिहून टाकतो. पण चाळीस हजार विसरलेलो नाही.

पारावरचा
विसरू नका. भाऊ परत उभे राहिले तर तेच विचारा. प्रशासकाला पाडायला तुमच्याकडे मत नाही, भाऊंना पाडायला आहे.

आता कामाचं बोलू. प्रारूप प्रभागरचना आली की हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. आमची आळी मधोमध चिरली जाणार असं कानावर आहे, म्हणून हरकतीचा मसुदा आत्ताच लिहून ठेवलाय. कोणाला नमुना हवा असेल तर सांगा.

तिसरी_घंटा
मला पाठवा. चार सदस्यांविरुद्ध दोन ओळी त्यात घालून देतो.

पारावरचा
त्या ओळी वेगळ्या अर्जात घाला. चार सदस्य कायद्याने ठरलेत, नकाशावरच्या सुनावणीत ते ऐकणार नाहीत आणि त्यापायी माझ्या आळीचं म्हणणं ऐकायचं राहून जाईल.

हिशेबनीस
मलाही एक पाठवा. मत बदललं म्हणून नाही. माझं दुकान बरोबर दोन प्रभागांच्या मधल्या रस्त्यावर आहे.