सुल्काटा आणि रेड-फूट या कासवांची पिल्लं एकाच टाकीत ठेवावीत का?

खारघरकर: माझं मत आता पक्कं झालंय, ठेवू नयेत. माझं सुल्काटा दीड वर्षाचं. जूनमध्ये भाच्याची बदली झाली, म्हणून त्याचं रेड-फूटचं पिल्लू माझ्याकडे आलं. दोघांचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर परदेशी प्राण्यांची करतात ती नोंद आहे. चार फुटी टाकी, म्हटलं राहतील सोबत. भांडण एकदाही झालं नाही. पण रेड-फूट दिवसभर कौलाच्या तुकड्याखाली, मान आत ओढून बसलेलं. दिव्याखालची ऊबदार जागा सुल्काटाची, जास्वंदीच्या पानांवर पहिला हक्कही त्याचाच. किचनच्या काट्यावर रेड-फूटचं वजन तीन आठवड्यांत ११२ चे १०४ ग्रॅम झालं. वेगळं केलं, तर चौथ्या दिवशी आपणहून पपईच्या फोडीपाशी आलं.

कोलशेत_ठाणे: नाही पटलं. माझ्याकडे लेपर्ड जातीचं कासव आणि सुल्काटा दोन वर्षं एकत्र आहेत. दोन्ही आफ्रिकेतली, दोन्ही हरळी खाणारी, दोघांची वाढ व्यवस्थित. तुमच्याकडे जात नडली नाही, आकार नडला. एकाच जातीची लहान-मोठी पिल्लं ठेवलीत तरी मोठं लहानाला दाबतंच.

नेरूळची माई: अहो, दाबण्याचं दिसतं तरी. जंतूंचं काय? एक जात जो जंतू अंगावर घेऊन धडधाकट फिरते, तोच दुसरीला आडवं करतो. मायकोप्लाझ्मा, हर्पीस, हे दोन्ही जंतू कासवांत असतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या पिल्लाच्या डाव्या नाकपुडीत श्वासागणिक बारीक फुगा यायचा. तो पाहिल्यापासून मी हा धोका घेत नाही. आणि सोबतीला स्टार कासव आणू म्हणणाऱ्यांनो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे.

कोलशेत_ठाणे: माई, म्हणूनच माझं नवीन पिल्लू तीन महिने दुसऱ्या खोलीत होतं. शी दोनदा तपासून घेतली, मगच एकत्र. खारघरकर, तुम्ही वेगळं ठेवलं होतंत का?

खारघरकर: नाही, ते चुकलंच. पण खाण्याचं कसं जमवायचं? रेड-फूट दक्षिण अमेरिकेतल्या दमट रानातलं, त्याला थोडं फळ लागतं. सुल्काटा सहाराच्या कडेचं, फळाने त्याचं पोट बिघडतं. एका टाकीत कुणाची वाटी कोण राखणार? शिवाय सुल्काटा पुढे ४० किलोंच्या वर जातं.

कोलशेत_ठाणे: रेड-फूटच्या बाबतीत मान्य. माझी दोघं मात्र आज वेगळी करणार नाही. दर रविवारी वजनं वहीत लिहितो. एकाचं जरी थांबलं, तर दुसरी टाकी गॅलरीत धुऊन ठेवलेली आहे.