अनुभव धागा: बाळंतपण, पाळणा लांबवणं आणि आपल्या गल्लीतला दवाखाना

माझी धाकटी जाऊ गडहिंग्लजकडची. दिवस गेल्यावर पहिल्या तपासणीहून आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. सगळं ठीक होतं, पण इकडे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी कार्डावरचं कन्नड तिला वाचता येईना आणि विचारायचा धीर झाला नाही. ‘ताई कार्ड’ ऐकून ते थोरल्या बहिणीचं काहीतरी असेल असं तिला वाटलेलं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, हे मी सांगितलं. तिच्यासारख्या सुनांसाठी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या सगळ्यांनी आपापले अनुभव लिहा. डॉक्टरांचं, दवाखान्याचं नाव नको.

शहापूर, दोन मुली
दुसरीच्या वेळी एका मोठ्या दवाखान्यात होते. कळा चालू असताना सिस्टरनी कागद पुढे केला, ‘सही माडी’ म्हणाल्या, मी केली. दीड महिन्याने पोटात दुखतं म्हणून गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडे गेले, तेव्हा कळलं की मला तांबी बसवलीय. मी टेबलावरच रडले. तांबी वाईट असते म्हणून नव्हे. मला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून.
बाईंनी ड्रॉवरमधून एक तांबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. इंग्रजी टी अक्षरासारखी, करंगळीपेक्षाही लहान, खाली दोन बारीक दोरे. “ही दहा वर्षं चालते, पण नको असेल तर आत्ता काढते. तुझं तू ठरव.” मी काढायला सांगितली, दोन मिनिटं लागली. मग त्यांनीच ‘अंतरा’ नावाच्या पाळणा लांबवायच्या इंजेक्शनची माहिती दिली. तीन महिन्यांतून एक इंजेक्शन, अंगावर पाजत असलं तरी सहा आठवड्यांनंतर चालतं. पाळी पुढेमागे होईल, एखाद्या वेळी येणारही नाही, घाबरू नको, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून पाळी चुकली तेव्हा मी घाबरले नाही. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात-आठ महिने, कधी जास्तही लागतात, हेही लक्षात ठेवा गे.

जांबोटीच्या पुढे, खानापूर
आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही. सुनेची तारीख जुलैची. आशाताई जूनमध्येच म्हणाली, “आठ दिवस आधी खानापुरात पाहुण्यांकडे नेऊन ठेवा.” मला ते पटलं नव्हतं, तरी नेऊन ठेवलं. ज्या रात्री कळा आल्या त्या रात्री ओढ्यावरून पाणी वाहत होतं. १०८ आमच्या गावापर्यंत पोचली नसती. नातू आता तीन वर्षांचा आहे.

निपाणी
विड्या वळता वळता दोन्ही बाळंतपणं काढली. दवाखान्यात गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तपासण्या चुकवायचे. रक्त सातावर आलं तेव्हा डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त विचारलं, “गोळ्या कधी घेतेस?” चहाबरोबर, म्हटलं. चहाने लोह अंगाला लागत नाही म्हणे! लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला लागले. आणि विड्यांचं सूप मांडीवर असताना बाळाला जवळ घ्यायचं नाही, तंबाखूची धूळ त्याच्या नाकात जाते, हेही त्यांनीच सांगितलं.

येळ्ळूर
मी पुरुष आहे, तरी लिहितो. दोन मुलांनंतर बायकोचं ऑपरेशन करायचं ठरत होतं. तिची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. डॉक्टर मला म्हणाले, “तिचं पोट दोनदा उघडलंय, तुमचं तर टाका न घालता होतं.” अर्ध्या तासात झालं. दोन दिवस विश्रांती घेतली, आठवडाभर जड काही उचललं नाही. फक्त लगेच बिनधास्त राहू नका. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

हिंडलगा
दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. २०१६ पासून चालू आहे. माझा वाढलेला बीपी तिथेच सापडला.

माहेर चंदगड, सासर बेळगाव
माझी तपासणी इकडे आणि बाळंतपण माहेरी. तिकडच्या सिस्टरना कार्डावरचं कन्नड लागेना. रक्तगट, बीपी, वजन आकड्यांत होतं म्हणून निभावलं, पण मला एका गोळीची अ‍ॅलर्जी होती ती ओळ कन्नडमध्ये. इथल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. दवाखान्यात गर्दी असूनही त्यांनी सिस्टरना गोळीचं नाव अक्षर अक्षर सांगितलं. आता माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीच्या कार्डाला त्या स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेली चिठ्ठी टाचतात. माझी चिठ्ठी अजून जपून ठेवलीय.

धागा सुरू करणारी
चंदगडच्या ताई, त्या चिठ्ठीत काय काय लिहिलेलं असतं ते सांगाल का? जावेला सातव्या महिन्यात न्यायला तिचे भाऊ येणार आहेत.